दादांचं ऑपरेशन

माझे आजोबा वस्ताद होते. मिरजगावच्या आसपास तालमीची माती अंगाला लागलेला कुठलाही माणूस त्यांना ओळखायचा. आम्ही नातवंडं त्यांना बाबा म्हणायचो. मला कळायला लागलं तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण जत्रेतल्या कुस्त्या सुटल्या नव्हत्या. फडाच्या कडेला, अगदी पुढं, त्यांची जागा राखलेली असायची आणि त्यांच्याजवळ मी बसलेली असायची. बायका आणि मुली तिकडं फिरकत नसत. मला मात्र कुणी हटकलं नाही, कारण बाबांना दिसायचं ते माझ्या डोळ्यांनी.

"कोन वर हाय?" ते विचारायचे.

"निळ्या लंगोटाचा."

"हात कुठं घातलाय त्यानं?"

मी सांगायची. त्यावरून पुढं काय होणार ते बाबा मला आधीच सांगायचे, आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. मैत्रिणी उखाणे पाठ करत होत्या त्या वयात मला सगळे डाव नावानिशी माहीत झाले होते. त्याचं कौतुक घरात कुणाला नव्हतं. आई म्हणायची, "हिला सासरी कोन कुस्ती इचारनार हाय?"

दादा, म्हणजे माझे वडील, बाबांचा एकुलता एक मुलगा. लग्नाआधी त्यांनीही फड गाजवले होते. पुढं मळा अंगावर पडला आणि कुस्ती मागं राहिली. तरी गावात त्यांना पैलवानच म्हणायचे. आजी माझ्या जन्माआधीच गेली होती. घरात बाबा, दादा, आई, मी आणि माझ्यापाठची बहीण. दोघींनंतर आईला पुन्हा दिवस गेले तेव्हा सगळं घर मुलाची वाट बघत होतं. मीही बघत होते. भाऊ आला की बाबांजवळची माझी जागा जाईल, असंही मला वाटायचं.

दिवाळी होऊन गेल्यावर आई बाळंत झाली. मुलगी झाली. सुईणीनं ते हळूच सांगितलं, आणि पुढचं तिनं सांगायच्या आधीच दादांना कळलं, कारण आतून येणारी पाण्याची घमेली लाल होती. रक्त थांबत नव्हतं. दादांनी आईला गोधडीत गुंडाळून उचललं आणि तसेच ते नगर-सोलापूर रस्त्यापर्यंत चालत गेले. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मांडीवर घेऊन सुईण मागं बसली. ट्रक नगरच्या दिशेनं गेला आणि मी घरी येऊन चूल पेटवली.

आई परत आली ती कितीतरी दिवसांनी. तिचे ओठ मातीसारखे झाले होते. उंबरा ओलांडताना तिला दोन्ही हातांनी चौकट धरावी लागली. डॉक्टरांनी दादांना बजावून सांगितलं होतं की पुन्हा दिवस राहिले तर ही वाचणार नाही.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई घरी येऊ लागल्या. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, बोलणं शहरातलं. तेव्हा गावोगाव भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले असायचे आणि नर्सबाई आल्या की पोरं "त्रिकोण आला, त्रिकोण आला" म्हणून मागं पळायची. त्या ओट्यावर बसल्या आणि दादांशी सरळ बोलल्या.

"ह्यांचं ऑपरेशन करायचं तर आधी अंगात रक्त भरायला हवं. त्याला वर्ष जाईल."

"आन मधी काय झालं तर?"

"म्हणून तर आले. पुरुषाचं ऑपरेशन सोपं असतं. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी."

आतून आईचा आवाज आला, "बाई, असलं हितं बोलू नगा. मामा बसल्यात." मामा म्हणजे तिचे सासरे, आमचे बाबा.

दादा खाली मान घालून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच्यानंतर नांगर धरता येतो का?"

"आठवडाभर जपायचं. मग सगळं येतं."

नर्सबाई गेल्या. बाबांनी सगळं ऐकलं होतं. दिसत नसलं तरी त्यांचे कान तिखट होते. जेवताना ते म्हणाले, "पैलवानाचा जोर असतो तो. अंगातच राह्यला पायजे. एकदा गेला की परत न्हाई येत."

दादा भाकरी मोडता मोडता थांबले. "तिचं जे रक्त गेलं, बाबा, ते तरी कुठं परत आलं?"

बाबांनी ताटातच हात धुतला.

मग राहात्याकडं दिलेली आत्या आली. बाळाला काजळ लावलं, आईच्या डोक्याला तेल लावलं, आणि दुपारी दादांना म्हणाली, "वंश बुडवू नको. माझ्या नात्यात एक पोरगी हाय. गरिबाघरची हाय, गप राहील. हिलाबी सोबत हुईल." आई भिंतीकडं तोंड करून झोपली होती. झोपली नव्हती, मला तिची ताठलेली पाठ दिसत होती. ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "करा. माझं काय म्हननं न्हाई."

दादा उठले आणि गोठ्यात गेले. दिवे लागले तरी ते तिथंच होते. मी कंदील घेऊन गेले तर ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि कुणाला काही न सांगता एस.टी.नं गेले. संध्याकाळी परतले ते सावकाश चालत. बाजेवर टेकताना त्यांनी दात आवळले.

"कुठं गेल्ता?" आईनं विचारलं.

"झालं ऑपरेशन."

आईच्या हातात परात होती. तिनं ती खाली ठेवली. मला वाटलं, ती हसेल, निदान रडेल तरी. ती म्हणाली, "मला इचारलं का तुमी?"

"आगं, तुझ्यासाठीच केलं."

"गावात तोंड कुनाला दावायचं? तुमाला कोन काय बोलनार न्हाई. मला बोलतील. उद्या नुसती उलटी झाली तरी बाया माझ्या पोटाकडं बघतील."

ती आत गेली आणि त्या रात्री तिनं दादांचं ताट माझ्या हाती पाठवलं. आपल्या नवऱ्यानं आपला जीव वाचवला आणि ही रागावली, हे मला त्या वयात अजिबात कळलं नाही. मला तिचाच राग आला.

बाबांनी तर दादांशी बोलणंच सोडलं. घर एवढंसं. दोघं एकाच ओट्यावर बसायचे आणि बाबा मला म्हणायचे, "तुझ्या बापाला म्हनावं बैलांना पानी दाव." दादा ते ऐकून उठायचे. निरोप पोचवायची गरज नसायची, तरी मी तो सांगायचीच. आत्या न जेवता राहात्याच्या वाटेला लागली.

गावात चार दिवसांत सगळ्यांना कळलं. आमच्याकडं गोऱ्हे ठेचून बैल करतात, तसंच माणसाचं काहीतरी करतात अशी लोकांची समजूत होती. पारावर दादांच्या चुलतभावानं, माझ्या चुलत्यानं, मोठ्यानं विचारलं, "काय पैलवान, खच्ची झाला म्हनं? लुगडं कवा नेसनार?"

दादा बैलगाडी हाकत चालले होते. त्यांनी कासरा ओढला. मी गाडीत कडब्यावर बसले होते, म्हणून मला त्यांचं तोंड दिसलं नाही, पण आवाज नेहमीचाच होता.

"नांगर बैलच वढतो की रं. वळू नुसता गावात फिरतो."

पारावरचे लोक हसले. चुलताही हसला, पण जरा उशिरानं. मला वाटलं, आता मिटलं. पण तसलं एका उत्तरानं मिटत नाही. आई विहिरीवर गेली की बोलणं थांबायचं. एक जण तिला म्हणाली, "तूच कायतरी केलं आसशील. मानूस आपल्या मनानं जातो व्हय?" आईनं घागर भरली आणि घरी आली. त्यानंतर ती उन्हं चढल्यावर, विहीर मोकळी झाली की जायची. तिच्या अंगात तेव्हा घागर उचलायची ताकद पुरती आली नव्हती, म्हणून कळशी घेऊन मी बरोबर असायची.

असा हिवाळा गेला. चैत्रात जत्रा आली. जत्रेच्या आधी, होळी झाल्या झाल्या, बाबा मला मध्ये न घालता दादांशी बोलले.

"औंदा फडात उतरायचं."

दादा चमकले. बोलण्यानं की बोलण्यातल्या विषयानं, कुणास ठाऊक. "बाबा, कुस्ती सोडून धा-बारा वर्सं झाली."

"म्हनून काय झालं? लोकांची तोंडं बंद हुतील."

"आन पडलो तर?"

"पडला तर पडला. घरात बसून तरी कुठं उभा हायस?"

दादांना ते पटलं होतं असं मला वाटत नाही. पण कित्येक महिन्यांनी बापानं तोंड उघडलं होतं. ते पहाटे तालमीत जाऊ लागले. बाबाही काठी टेकत जायचे. आईनं काही विचारलं नाही. दादा परत आले की चुलीवर दुधाचं भांडं तापलेलं असायचं, आणि ते बाळाचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्या होत्या. ऊन कलल्यावर हलगी वाजू लागली. मी नेहमीच्या जागी बाबांजवळ बसले. दादांचं नाव पुकारलं तेव्हा फडात कुजबूज झाली. समोर करमाळ्याकडचा एक जवान गडी होता, दादांहून निदान दहा वर्षांनी लहान. दादांनी माती कपाळाला लावली आणि ते पुढं झाले.

"सांग," बाबा म्हणाले.

"दोघांची डोकी भिडल्यात. दादांनी मान दाबून धरलीय."

"मागं सरतोय का?"

"न्हाई. तोच सरतोय."

बराच वेळ असंच चाललं. दादांनी त्याला फिरवला, खाली आणला, तो सुटला. फड हळूहळू गप्प झाला. लोक विसरले होते की आपण कशासाठी बघायला आलोय. माझा आवाज आपोआप चढला होता आणि मागचे म्हातारेही माझं ऐकत होते. मग एकदम काहीतरी झालं. तो गडी खाली बसला आणि दादांचा पाय त्याच्या हातात होता. दादा आडवे झाले, वळायला गेले, पण पाठ मातीला टेकली होती.

हलगी कडाडली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ऑपरेशन बोललं." आणि हशा पिकला. चुलत्याचाच आवाज होता असं मला तेव्हा वाटलं. खरं कोण होतं ते मला आजही माहीत नाही.

मी सांगायची थांबले.

"काय झालं? बोल की," बाबा म्हणाले.

"दादा पडले."

"ते कळलं मला. कसा पडला?"

"त्यानं पट काढला."

"पाय कुठला धरला?"

"डावा."

"डावा पुढं हुता?"

"व्हय."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात टेकवला आणि ते उभे राहिले. तालमीत शंभर पोरांवर चालायचा तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

"आरं, गप बसा आन ऐका. माझ्या पोराचा डावा पाय पुढं राहतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून राहतो. मी काठीनं हानला तरी खोड गेली न्हाई. लग्नाच्या आधीबी ह्याच पायापायी पडलाय, इथं बसलेल्या म्हाताऱ्यांनी बघितलंय. तवा कुठलं ऑपरेशन हुतं?"

मागचे म्हातारे म्हणाले, "खरं हाय वस्ताद."

"ज्याला वाटतं त्याच्यात जोर न्हाई," बाबा म्हणाले, "त्यानं खाली यावं, आन त्याला नुसता उचलून दाखवावा."

कुणी उतरलं नाही. दादा मातीत बसलेले होते. त्यांना जिंकणाऱ्या गड्यानं हात देऊन उठवलं आणि त्यांच्या पाठीची माती झटकली.

घरी येताना बापलेक पुढं चालले होते आणि मी मागं. सगळ्या वाटेनं ते त्या डाव्या पायावर भांडत होते. दादा म्हणत होते, पाय पुढं नव्हता, घसरला. बाबा म्हणत होते, पोरीनं बघितलंय. दोघांनीही वळून मला विचारलं नाही, तरी मला फार बरं वाटत होतं.

बाबा त्यानंतर बदलले असं मी म्हणणार नाही. शेवटपर्यंत ते अधूनमधून म्हणत, "एक नातू पायजे हुता." पण ते दादांना ऐकवून म्हणत नसत. गावाची बोलणीही थांबली नाहीत, नुसती मंदावली.

ती खरी थांबली दुष्काळानं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, बैल छावणीत गेले आणि सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागलं. आईही निघाली. तोवर तिच्या अंगावर थोडं मांस आलं होतं. पुरुष खणायचे, बायका पाट्या वाहायच्या, खडी फोडायला दोघंही. दादा भरलेली पाटी एका हातानं आईच्या डोक्यावर ठेवायचे आणि दुसरी तिच्यापुढच्या बाईच्या. धुरळ्यात सगळे सारखेच पांढरे दिसायचे. कोण पैलवान आणि कोण काय, हे बोलायला कुणाच्या तोंडात ओल नव्हती.

मी सकाळची शाळा सुटली की धाकटीला कडेवर घेऊन तिकडं जायची. एकदा दुपारच्या सुट्टीत बायका सरकारनं कामावर वाटलेली सुकडी खात बांधाच्या सावलीला बसल्या होत्या. एक बाई आईजवळ सरकली. तिचं पाचवं मूल झोळीत होतं आणि सहावं पोटात. विहिरीवर आईला टोचून बोललेली तीच ही बाई. ती इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "बाई, तू मालकाला राजी कसं केलंस?"

आई म्हणाली, "म्या न्हाई केलं. त्येच गेले."

"नशीब काढलंस."

आईनं हातातली सुकडी संपवली, हात झटकले. मला वाटलं ती आता जुनं काढेल. ती म्हणाली, "तुज्या मालकाला आमच्याकडं पाठीव. म्हनावं, पैलवानासंगं बोल. नांगर धरता येतो का, तेच इचारतील समदे. धरता येतो."

तो माणूस एका संध्याकाळी आला. दादा आणि तो ओट्यावर बराच वेळ बसले. बाबांनी मला आत जायला सांगितलं. पुढं तो ऑपरेशनला गेला की नाही ते मला कळलं नाही. त्यांना सातवं झालं नाही एवढं खरं.

मला बघायला पाहुणे आले तेव्हा पहिल्या स्थळानं विचारलं, "भाऊ न्हाई व्हय?" दादांनी सरळ सांगितलं, "न्हाई. हिच्या आईच्या जिवाला धोका हुता, म्हनून मी ऑपरेशन करून घेतलं." ते पाहुणे चहा पिऊन गेले आणि परत कळवलं नाही. दुसऱ्या स्थळाच्या वडिलांनी तेच ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या घरात असं कुनी केलं असतं तर माझी आई जगली असती." तेच माझे सासरे झाले.

खूप वर्षं गेली. दादांनी सत्तरी गाठली होती, आईही साठीच्या पुढं गेली होती. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी एक कार्यक्रम ठेवला आणि त्या काळात असं पाऊल उचललेला माणूस म्हणून दादांचा सत्कार केला. शाल, नारळ, हार. मी मुद्दाम गेले होते. एका शिकलेल्या मुलीनं भाषण केलं, सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दादा लाजून खाली बघत होते. आई बायकांत मागं बसली होती.

घरी आल्यावर दादा शाल पांघरून बाजेवर बसले. मी आईला म्हणाले, "बरं वाटलं ना गं?"

ती चहा गाळत होती. "वाटलं की. चांगलंच केलं त्यांनी. कोन करत हुतं तवा?" तिनं कप भरले. मग म्हणाली, "पर त्यांचं काम एका दिसाचं. तीन बाळंतपनं म्या काढली. तिसऱ्याला मरता मरता राह्यले. मला कुनी नारळ दिला न्हाई."

ती रागानं बोलली नाही. चहात साखर कमी झाली म्हणावं तशी म्हणाली. त्या संध्याकाळी परात खाली ठेवून ती आत का गेली होती ते मला तेव्हा कुठं थोडं उमगलं. जीव तिचा, अंग तिचं, आणि त्याबद्दल आत्या बोलली, बाबा बोलले, नर्सबाई बोलल्या, दादांनी निर्णय घेतला, आणि तो चांगला होता. तिच्यापर्यंत तो ठरूनच आला.

दादांनी बाहेरून ऐकलं होतं. ते दारात येऊन उभे राहिले. "आगं, मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"मला कुनी इचारलं?"

 दादा आत येऊन तिच्यासमोर पाटावर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, खाली बसायला वेळ लागला.

"बरं, आता इचारतो. तवा इचारलं असतं, तर काय म्हनली असतीस?"

आईनं खरंच विचार केला. कप त्यांच्यापुढं सरकवला.

"जा, म्हनले असते," ती म्हणाली. "पर म्या म्हनले असते."